पंपाच्या स्टार्टरमधील चांदी

शेतातील विहिरीवर स्टार्टरचे बटण दाबताच आत ‘खट्’ असा आवाज होतो आणि मोटार फिरू लागते. त्या क्षणी धातूच्या लहानशा टिकल्या एकमेकींस भिडलेल्या असतात. कारागीर त्यांना ‘पॉइंट’ म्हणतात. भिडताना ते किंचित उसळतात. विलग होताना त्यांच्यामध्ये विद्युत् प्रज्योत पेटते. दोन्ही वेळी धातू वितळतो व त्याचा काही अंश उडून जातो. पॉइंट झिजून नीट टेकेनासे झाले, तर तीनपैकी एक फेज तुटून मोटार जळू शकते. ते एकमेकांस चिकटले, तर बंद करूनही मोटार थांबत नाही. मग प्रश्न माणसाच्या जिवाचा होतो.

सर्व धातूंत चांदी ही विजेची उत्तम वाहक. परंतु शुद्ध चांदी मऊ असून ९६२ अंश सेल्सियसला वितळते व सहज चिकटते. म्हणून तिच्यात १० ते १५ टक्के कॅडमियम ऑक्साइड घालण्याची पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली. प्रज्योतीत त्याचे विघटन होऊन वाफ होते आणि ती उष्णता शोषून घेते.

तथापि घटक ठरले म्हणजे गुण ठरले, असे नव्हे. चांदीची व ऑक्साइडची भुकटी मिसळून, दाबून भाजता येते. किंवा चांदी-कॅडमियमचा मिश्रधातू प्राणवायूत तापवून ऑक्साइड आतल्या आत निर्माण करता येते. प्रमाण तेच राहिले, तरी कण बारीक व सारखे विखुरलेले असतील तर झीज सामान्यतः कमी होते; त्यांचे पुंजके झाले, तर भेगा पडतात.

कॅडमियम विषारी असल्याने आता कथिलाचे ऑक्साइड त्याची जागा घेत आहे. परंतु कथिलाचा मिश्रधातू तसाच तापविल्यास पृष्ठभागावर कवच धरते व प्राणवायू आत शिरत नाही. मग थोडे इंडियम घालावे लागते, अथवा भुकटीचा मार्ग धरावा लागतो. घटक बदलला की कृतीही बदलते, ती अशी.

म्हणून पॉइंट काळवंडलेला दिसताच कानस उचलू नये. तो काळेपणा बहुधा निरुपद्रवी असतो. कानशीने मात्र निगुतीने घडविलेली चांदीच जाते. झीज खोल असल्यास जाणत्या कारागिराकडून, वीज तोडून, पॉइंट बदलून घ्यावेत. आणि नव्यांचा आकार पाहताना धातूही मूळचाच आहे ना, हे विचारावे.