पडद्यावर मराठी, आत भलतंच

मघाशी एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, "१९९८-९९ सालच्या इंग्रजी बातम्या शोधल्या की सापडतात, मग तेव्हा इंटरनेटवर चढवलेला मराठी मजकूर का सापडत नाही?" प्रश्न चांगला आहे. आज त्यावरच बोलू.

त्या वर्षांतल्या गाजलेल्या बातम्या आठवून बघा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. १९९७ संपता संपता साबीर भाटियांची हॉटमेल मायक्रोसॉफ्टने घेतली. नोव्हेंबर १९९९ मध्ये इंडियावर्ल्डचा ४९९ कोटी रुपयांचा सौदा जाहीर झाला. या बातम्यांवर लोक चहाच्या टपरीवरही बोलत होते! पण मराठी मजकूर संगणकात साठवायचा कसा, ही गोष्ट पहिल्या पानावर कधी आली नाही. चिठ्ठीतल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथे आहे.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. रोमन लिपीतल्या कॅपिटल 'ए'साठी ६५. हा आकडा सगळ्यांनी मान्य केलेला. त्या वेळच्या फाँटमध्ये अशा जागा फार तर २५६. मराठी फाँट करणाऱ्याने काय केलं? ६५ व्या जागेवर 'ए'च्या चित्राऐवजी, समजा, 'क'चं चित्र बसवलं. फाइलमध्ये ६५ च राहिला. तुमच्याकडे तो फाँट असेल तर 'क' दिसणार, नसेल तर 'ए'. म्हणून फाँट न उतरवता पान उघडलं की डोक्यावर टिंबं-रेघा असलेल्या रोमन अक्षरांची भेळ दिसायची. आणि श्री-लिपी, आकृती, सीडॅक, प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'ठ' असला तरी कोण विचारणार?

ही माणसं वेडी नव्हती हं. हे फाँट छपाईसाठी केलेले. कागदाला फक्त दिसण्याशी मतलब असतो, आणि कागदावर ते उत्तम दिसत. त्यांच्या जोरावर मराठी डीटीपी उभं राहिलं. पंचाईत झाली ती तोच मजकूर उचलून नेटवर टाकल्यावर.

साधा शब्द घ्या, 'किती'. पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते, म्हणून अशा फाँटमध्ये ती साठवलीही आधी जायची: वेलांटी, मग क. उच्चारात मात्र क आधी. आता शोधयंत्राला यातलं काय कळणार? त्याच्या दृष्टीने ते पान मराठी नव्हतंच. कुठल्याच भाषेचं नव्हतं. अकारविल्हे लावायला गेलात तर 'किती' आणि 'कसा' शेजारी येतील याची खात्री नाही.

मधे एक युक्ती निघाली, पानाबरोबर फाँटही आपोआप पाठवायची. मायक्रोसॉफ्टची एक पद्धत होती, बिटस्ट्रीमची दुसरी. वाचकाचा त्रास कमी झाला, पण आतले आकडे तेच राहिले. माझं मत विचाराल तर यामुळे दुखणं आणखी झाकलं गेलं. दिसतंय ना मराठी, मग झालं!

खरं औषध कागदावर तयार होतं. भारतीय मानक ब्यूरोची इस्की संकेतावली होती. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, त्यात देवनागरीला १२८ जागा, इस्कीच्याच धर्तीवर. पण नुसत्या जागा असून भागत नाही. वेलांटी साठवायची नंतर आणि दाखवायची आधी, हे काम संगणकाच्या मूळ प्रणालीला यावं लागतं. विंडोजमध्ये ते आलं विंडोज २००० पासून, मंगल फाँटसकट. ती बाजारात आली १७ फेब्रुवारी २००० ला. पुढे तीनच आठवड्यांनी, १० मार्चला, अमेरिकेचा नॅसडॅक ५,०४८ वर जाऊन टेकला आणि मग कोसळला. छापून कुठली घटना आली असेल, सांगायला नको. घरोघरी तर तेव्हा विंडोज ९८ च होतं, आणि नंतरच्या एक्सपीतही ही सोय बहुधा सीडी घालून चालू करावी लागे.

आता जुना मजकूर सोडवता येतो का? येतो. पण फाइल हवी, ती कुठल्या फाँटची हे माहीत हवं, आणि त्या फाँटचा आकडा म्हणजे युनिकोडचं कुठलं अक्षर, याचा तक्ता हवा. तिन्हींतलं एक हरवलं की काम अडतं. तक्ता करणारा मराठी नसेल तर आणखी एक गोची. हिंदीत आपला 'वाऱ्यावर'मधला अर्धा र नाही. तक्त्यात तो राहून गेला तर यंत्र बिनदिक्कत रफार चढवतं, आणि 'आचाऱ्यांना मजुरी दिली' याचं 'आचार्यांना मजुरी दिली' होतं. शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही चूक दिसणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. तुमच्यापैकी कोणी जुन्या अंकांचं युनिकोड करत असाल तर आधी 'दऱ्या' आणि 'दर्या' शोधून बघा. समुद्रात डोंगर निघाले, तर तक्ता पुन्हा तपासायला घ्या.