घोड्याच्या चालीने माथेरान

मुलांच्या परीक्षा आटोपल्या की घरोघरी एकच प्रश्न असतो, या वेळी कुठे जायचं? मुंबई, ठाणे, पनवेल, पुण्याकडच्या बऱ्याच कुटुंबांचं उत्तर माथेरान हेच असतं. लोकलने नेरळ गाठायचं, तिथून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचं. पुढे मोटारीला बंदी आहे. कुणी पायी जातं, कुणी ई-रिक्षाने, आणि मुलं हट्टाने घोड्यावर बसतात.

आम्हीही असेच तीन वर्षांपूर्वी गेलो होतो. नाक्यावर उतरताच घासाघीस सुरू केली. दिवसभरात जास्तीत जास्त पॉइंट दाखवणाऱ्या घोडेवाल्याशी सौदा पक्का केला आणि निघालो. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, फोटो काढायचा, "चला, चला" म्हणत पुन्हा चढायचं. आमच्या चौदा वर्षांच्या मुलाला घोडा पळवायचा होता. घोडेवाला नको म्हणत होता, पण "पैसे दिलेत ना" असं म्हणून आम्हीच त्याचं तोंड बंद केलं. उतारावर सिमेंटच्या गुळगुळीत ठोकळ्यांवर घोड्याची टाप घसरली, तो गुडघ्यावर आला आणि मुलगा खाली पडला. अल्लाहचा शुक्र, कोपर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण घोडेवाला आधी घोड्याचा पाय चाचपू लागला तेव्हा आम्ही त्याच्यावर ओरडलो, "आधी पोराला बघ!" तो काहीच बोलला नाही.

रात्री दादी म्हणाल्या, "पोराला बघायला तुम्ही पाच जण होतात. घोड्याला त्याच्याशिवाय कोण होतं? त्याच्या घरची चूल त्या पायावर चालते." त्या रात्री आम्हा कुणालाच लवकर झोप लागली नाही. माथेरानात घोड्यावरून पडून पर्यटक दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. आमचं थोडक्यात निभावलं, आणि चूक आमची होती.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेलो, ते हे मनात ठेवून. या वेळी एका वयस्कर घोडेवाल्या चाचांना सलाम केला आणि विचारलं, "चाचा, तुमच्या घोड्याला कुठली वाट मानवते?" ते हसले. म्हणाले, "हे कुणी विचारत नाही. सगळे पॉइंट किती ते विचारतात." मग त्यांनी सांगितलेल्या तीन वाटांवर आम्ही दोन दिवस फिरलो.

त्या वाटा सांगण्याआधी थोडं या डोंगराविषयी. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली माथेरान इंग्रजांच्या नजरेत आणलं. त्यानंतर अर्धशतकाहून जास्त काळ लोक नेरळहून तट्टावर, पालखीत किंवा पायी वर येत. मग सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी छोटी रेल्वे बांधायला घेतली आणि १९०७ साली ती सुरू झाली. मुंबईच्या एका बोहरी कुटुंबाची ही कामगिरी आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. रेल्वे आली तरी डोंगरावरच्या वाटा मात्र घोड्यांकडेच राहिल्या. २००३ साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. आज इथे परवाना असलेले सुमारे साडेचारशे घोडे आहेत, आणि तेवढ्यांवर कितीतरी घरं चालतात.

पहिली वाट उत्तरेकडची, पॅनोरमा पॉइंटची. ही लांब आहे, म्हणून नाश्ता करून सकाळी लवकर निघावं. वाट बरीचशी झाडीतून जाते. जांभा दगडाची तांबडी माती टापांखाली मऊ लागते आणि घोडा निर्धास्त चालतो. जांभूळ, हिरडा यांच्या फांद्यांवर शेकरू दिसली तर मुलांना गप्प राहायला सांगावं, ती पळत नाही. टोकाला पोचल्यावर पेबचा किल्ला अगदी समोर येतो आणि खाली नेरळ दिसतं. हवा स्वच्छ असेल तर चंदेरीचा सुळका आणि मलंगगडाचा डोंगरही ओळखता येतो. हाजी मलंगला जाऊन आलेल्या दादींना तो इतक्या लांबून पाहताना फार आनंद झाला.

दुसरी वाट शार्लोट तलावाकडची. वृद्ध आणि लहान मुलांसाठी हीच चांगली. अंतर कमी, सावली दाट, चढउतार थोडे. तलावापासून जवळच लॉर्ड, सिलिया, एको आणि लुईझा हे पॉइंट आहेत. सगळे करायची गरज नाही. आम्ही फक्त एको आणि लुईझा केले. लुईझावरून समोर प्रबळगडाची सपाट माची दिसते. दुपार कलली होती, अस्रची वेळ झाली. तलावाचं पाणी गावाला पिण्यासाठी जातं, म्हणून चाचांनी आम्हाला काठावर वुजू करू दिलं नाही. आपल्या बाटलीतल्या पाण्याने, झाडाच्या बुंध्याशी करायला सांगितलं. वाट सोडून, कुणाला अडचण होणार नाही अशा जागी आम्ही नमाज पढलो. घोडे तेवढा वेळ शांत उभे होते. त्यांनाही विसावा हवाच होता.

तिसरी वाट दक्षिणेची. अलेक्झांडर पॉइंट, रामबाग आणि पुढे वन ट्री हिलकडे. इथे गर्दी कमी असते आणि दुकानंही तुरळक. खोल दरीच्या कडेवरचा तो एकटा टेकाड पाहायला शेवटचा टप्पा पायी जावा लागतो. घोडे मागेच थांबतात. मुलांना कड्यापासून लांब ठेवायचं हे सांगायला नको. परतीच्या वाटेवर चाचा घोड्यावरून उतरायला सांगत, जिथे उतार तीव्र होता तिथे. आमचा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. न कुरकुरता तो उतरला आणि लगाम धरून घोड्याच्या बरोबरीने चालला. मागच्या वेळचं त्याच्याही लक्षात होतं.

चालता चालता चाचांनी त्यांची चिंता सांगितली. पक्क्या ठोकळ्यांच्या रस्त्यावर, विशेषतः पावसात, नाल मारलेली टाप घसरते. ई-रिक्षा आल्यापासून नाक्यावरून बाजारापर्यंतचं भाडं कमी झालं. दुसरीकडे हातरिक्षा ओढणाऱ्यांचे हालही आम्ही पाहिले आहेत. माणसाने माणसाला ओढायची ती प्रथा बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, ते योग्यच झालं. चाचाही तेच म्हणाले. "त्यांचं भलं व्हावं. आम्हाला जंगलातल्या मातीच्या वाटा राहू द्या, एवढंच. रिज्क देणारा अल्लाह आहे, पण घोड्याला पाय टेकायला जमीन तर हवी."

या बोलण्याने आम्हाला एक गोष्ट उमगली. चांगली वाट सापडली की आपण ती लगेच सगळ्यांना सांगतो. फोटो पाठवतो, "जरूर जा" म्हणतो. ते चांगलंच आहे, पण वाट ही घोडेवाल्यांची आणि जंगलाची अमानत आहे. ती पुढे देताना अर्धीच दिली तर नुकसान होतं. म्हणून नातेवाइकांना सांगताना आम्ही आता एवढं नक्की सांगतो:

पावसाळ्यात घोड्यावरून लांबच्या वाटा करू नका. निसरडं असतं आणि धुक्यात कडा दिसत नाही.

दर फलकावर पाहून घ्या, परवान्याचा बिल्ला पाहा, आणि ठरलेले पैसे खुशीने द्या.

मुलांना हेल्मेट घाला, मागूनच घ्या. घोडा चालीनेच न्यायला सांगा. "पळव" म्हणू नका.

बायकांनी सैल सलवार आणि बंद बूट घालावेत. ओढणीची टोकं आणि बुरख्याचा घेर नीट आवरून घ्यावा, रिकिबीत अडकतो. वजन जास्त असेल तर घोडेवाल्याला आधीच विचारावं. तो नाही म्हणाला तर राग मानू नये.

दुपारच्या उन्हात घोड्याला पाणी मिळालं का, हे एकदा विचारा. खाऊ द्यायचा असेल तर आधी परवानगी घ्या. बिस्किटं, वेफर देऊ नका. प्लॅस्टिक खाली घेऊन या.

कुरआनात घोड्यांचा उल्लेख अल्लाहच्या देणग्यांमध्ये येतो, हे आपल्या घरात लहानपणापासून सांगितलं जातं. देणगी वापरायची तर तिचा हकही द्यावा लागतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही भाडं दिलं होतं, हक दिला नव्हता.

निघताना नाक्यावर मुलाने चाचांना विचारून घोड्यासमोर ओंजळभर भिजवलेले चणे धरले. घोड्याने ते सावकाश खाल्ले. मग मुलाने हळूच विचारलं, "मागच्या वेळी ज्यांचा घोडा पडला होता, ते इथेच असतात का?" चाचांनी दोघातिघांना हाक मारून पाहिलं. त्या दिवशी ते नव्हते. पुढच्या खेपेला त्यांना शोधायचं, असं आम्ही ठरवून आलो आहोत. इन्शाअल्लाह.