खोल समुद्रांत बुडी घेण्यापूर्वीं

कर्नाटकांत मुरुडेश्वराच्या किनाऱ्यापासून सुमारें १९ किलोमीटरवर नेत्राणी नांवाचें बेट आहे. पाठीवर हवेची टांकी बांधून तेथील प्रवाळ व मासे पाहावयास हौशी लोक नावेनें जातात. किनारा दूर, म्हणून सर्व तयारी निघण्यापूर्वींच झाली पाहिजे.

पहिली तयारी श्वासाची. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथें टांकींतून छातीभर घेतलेली हवा कोंडून वर आल्यास ती दुप्पट फुगूं पाहते व फुप्फुस फाटूं शकतें. म्हणून श्वास कधींही रोखूं नये. विहिरींत दम धरून बुडी मारणाऱ्या मुलांस हा नियम उलटा वाटेल. पण त्यांच्या छातींत वरचीच हवा असते!

पडसें झालेल्यानें घरींच राहावें. नाक चोंदलें असतां कानांतील दाब समतोल होत नाहीं व पडदा फाटण्याचें भय असतें. पैसे भरले म्हणून पालकांनीं मुलांस पाठविणें हा शुद्ध वेडेपणा होय.

परतीचा विमानप्रवासही लगेच ठरवूं नये. शरीरांत विरघळलेला नायट्रोजन कमी दाबांत बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडूं लागतो. यास्तव एका बुडीनंतर निदान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावें.