म्हातारपणाचे पैसे कोण मोजतो?

अमेरिकेतले बेसबॉल क्लब तिशी गाठलेल्या खेळाडूंना दहा-दहा, अकरा-अकरा वर्षांचे करार देतात, ही बातमी आता मोबाइलवरून आपल्यापर्यंतही पोहोचते. तिच्यावरची चर्चा मी मेहकरला ऐकतो. विवेकानंद आश्रमाच्या शाळा-महाविद्यालयांमुळे पोरांनी भरलेल्या हिवरा आश्रमला तर हमखास ऐकतो. टेनिस बॉलची मॅच संपली की कोणीतरी आकडे वाचून दाखवतो आणि निकाल ठरलेला असतो: "येडे हायेत भाऊ अमेरिकेवाले. चाळीस वर्षांच्या माणसाले कोट्यवधी! आपलं बरं हाय, खेळला तं पैसा, नाई तं घरी."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. शिकलेली, क्रिकेटची आकडेवारी तोंडपाठ असलेली मुलंही ते म्हणतात. अमेरिकन क्लबांना म्हातारपण कळत नाही, हा त्यातला पहिला गैरसमज. आपल्या पद्धतीत धोकाच नाही, हा दुसरा आणि जास्त घातक.

आधी पहिला घेऊ. वय वाढलं की खेळ उतरतो, हे बेसबॉलच्या क्लबांना कोणी शिकवायला नको. बिल जेम्स नावाच्या अभ्यासकाने 1982 सालीच आकडेवारी मांडून दाखवलं होतं की फलंदाज साधारण 27 व्या वर्षी शिखरावर असतो. 2009 साली 'जर्नल ऑफ स्पोर्ट्स सायन्सेस'मध्ये जे. सी. ब्रॅडबरी यांचा अभ्यास आला, त्यात हे वय 29 च्या आसपास निघालं. सत्तावीस की एकोणतीस, यावर वाद घाला. पस्तिशीनंतर उतार असतो, यावर वाद नाही. आज प्रत्येक क्लबाच्या पदरी हेच हिशोब करणारी माणसं पगारावर आहेत. तरीही ते असे करार करतात, म्हणजे कारण दुसरं आहे.

ते कारण खेळाडूच्या तरुणपणात आहे. बेसबॉलच्या मुख्य लीगमध्ये आलेला नवा मुलगा पहिली सहा वर्षं आपल्या क्लबाशी बांधलेला असतो. त्यातली पहिली तीन वर्षं तो बहुधा किमान पगारावर किंवा त्याच्या जवळपास खेळतो. पुढची तीन वर्षं लवादाच्या मदतीने पगार वाढतो, पण खुल्या बाजारातला भाव काही मिळत नाही. सहा वर्षं भरली की तो मोकळा. हा मोकळेपणाही 1975 च्या डिसेंबरात पीटर सायट्झ या लवादाने दिलेल्या निकालानंतर आला. त्याआधी क्लब खेळाडूला जवळजवळ कायमचा धरून ठेवू शकत होता.

आता वयाचा हिशोब करा. बावीस-तेविसाव्या वर्षी आलेला खेळाडू मोकळा होतो तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा असतो. म्हणजे भाव मिळायला लागतो नेमका उताराच्या तोंडावर.

अल्बर्ट पुहोल्सचं उदाहरण घ्या, कारण 'येडे अमेरिकेवाले' म्हणणारे सगळ्यात जास्त नाव त्याचंच घेतात. 2001 साली सेंट लुईस कार्डिनल्सकडून पहिल्याच हंगामात त्याने 37 होम रन मारले. त्या वर्षीचा त्याचा पगार होता 2 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचा किमान पगार. कार्डिनल्सकडच्या अकरा हंगामांत त्याने 445 होम रन काढले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान तीनदा मिळवला. डिसेंबर 2011 मध्ये, बत्तिशीला महिनाभर उरला असताना, एंजल्सने त्याला दहा वर्षांसाठी 24 कोटी डॉलर दिले. त्यानंतर एकाही पूर्ण हंगामात त्याची सरासरी .300 ला पोहोचली नाही. एंजल्सकडे त्याचे होम रन झाले 222. करार संपायला काही महिने उरले असताना, मे 2021 मध्ये, क्लबाने त्याला सोडलं. ठरलेले पैसे मात्र द्यावेच लागले. या दहा वर्षांत एंजल्सने बाद फेरीतला एकही सामना जिंकला नाही.

करार फसला, यात शंका नाही. पण फसला कोण? तरुण पुहोल्सच्या कामगिरीचा फायदा कार्डिनल्सने स्वस्तात घेतला आणि त्याची किंमत उतारवयात एंजल्सने मोजली. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर ती बरीचशी जुनी बाकी होती, फक्त ती दुसऱ्याच दारातून वसूल झाली. या गोष्टीत वेडा शोधायचाच असेल तर आधी 2 लाख डॉलरांत 37 होम रन घेणारी व्यवस्था पाहावी लागेल.

दुसरं कारण कराचं आहे. संघाचा एकूण पगार ठरावीक मर्यादेवर गेला की क्लबाला लीगकडे कर भरावा लागतो, आणि त्या करासाठी मोजतात कराराची वार्षिक सरासरी. 2019 मध्ये फिलाडेल्फियाने ब्राइस हार्परला 13 वर्षांसाठी 33 कोटी डॉलर दिले. सरासरी पडली वर्षाला सुमारे 2.54 कोटी. हीच रक्कम आठ वर्षांत दिली असती तर ती 4 कोटींच्या वर गेली असती. शेवटची पाच वर्षं कशासाठी आहेत, हे यावरून कळावं. त्या वर्षांत तो पूर्वीसारखा खेळेल अशी आशा कोणी धरलेली नसते. रक्कम पातळ करण्यासाठी ती वर्षं जोडलेली असतात.

एवढं सांगितल्यावरही हे करार धोक्याचे नाहीत असं मी म्हणणार नाही. ते भयंकर धोक्याचे आहेत. बाल्टिमोर ओरिओल्सने जानेवारी 2016 मध्ये ख्रिस डेव्हिसला सात वर्षांचे 16.1 कोटी डॉलर दिले, तेव्हा तो अवघा 29 वर्षांचा होता. 2018 साली त्याची सरासरी .168 वर आली आणि त्या हंगामाच्या शेवटापासून 2019 च्या सुरुवातीपर्यंत सलग 54 प्रयत्नांत त्याला एकही हिट मिळाली नाही. रकमेचा काही भाग पुढे ढकललेला होता, त्यामुळे 2021 मध्ये निवृत्त झालेल्या या खेळाडूचे हप्ते 2037 पर्यंत चालू राहणार आहेत. चेंडू फेकणाऱ्या पिचरची गोष्ट तर आणखी नाजूक, कारण सगळी भिस्त एका खांद्यावर आणि कोपरावर. स्टीफन स्ट्रासबर्ग 2019 च्या वर्ल्ड सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच डिसेंबरात वॉशिंग्टनने त्याच्याशी सात वर्षांचा 24.5 कोटी डॉलरांचा करार केला. त्यानंतर दुखापतींमुळे तो फक्त आठ सामने खेळू शकला.

हे आकडे ऐकले की आपली मंडळी माना डोलावतात. "बघा, म्हणूनच आपलं बरं." इथे माझा संयम सुटतो.

आपल्याकडे गुढीपाडव्याला सालदार ठरतो. वर्ष संपलं की हिशोब मिटतो, पुढचं साल पुढच्या पाडव्याला. आठव्या महिन्यात सालदाराची कंबर धरली तर ती कंबर त्याची असते, मालकाची नसते. क्रिकेट नियामक मंडळाचा करार असाच साल-दरसालचा आहे, ऑक्टोबर ते सप्टेंबर. 2024-25 च्या यादीत सर्वांत वरच्या श्रेणीला 7 कोटी, मग 5, 3 आणि 1 कोटी. रक्कम मोठी आहे, पण पुढच्या वर्षाची हमी शून्य.

संगमनेर तालुक्यात जन्मलेला, डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे आठवा. ॲडलेडला 36 धावांत सगळा संघ गारद झाल्यावर मेलबर्नला शतक ठोकून त्याने मालिका फिरवली, जानेवारी 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून दिली. 2023 च्या यादीत त्याचं नाव नव्हतं. वय 34. त्याच वर्षी जूनमध्ये कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी त्याला परत बोलावलं आणि ओव्हलवर त्याने 89 आणि 46 धावा केल्या. बेसबॉलमध्ये पुहोल्सचा उतार क्लबाच्या खात्यावर पडला. रहाणेचा उतार त्याच्या स्वतःच्या खात्यावर पडला. वय दोघांचंही वाढलंच.

आयपीएलबद्दल तर गैरसमजाचा कहर आहे. तीन वर्षांसाठी 7.8 कोटींना घेतला म्हणजे तीन वर्षं पक्की, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. हंगाम संपला की फ्रँचायझी खेळाडूला सोडू शकते आणि पुढच्या हंगामाचं देणं उरत नाही. पुण्याचा केदार जाधव 2018 च्या लिलावात चेन्नईने 7.8 कोटींना घेतला, तेव्हा तो 32 वर्षांचा होता. करार करताना पुहोल्स जवळपास याच वयाचा होता. पहिल्याच सामन्यात मांडीचा स्नायू दुखावला, हंगाम गेला. 2020 मध्ये आठ सामन्यांत 62 धावा झाल्या. जानेवारी 2021 मध्ये त्याला सोडलं, पुढच्या लिलावात हैदराबादने 2 कोटींच्या मूळ किमतीला घेतलं आणि 2022 च्या लिलावात कोणीच घेतलं नाही. घसरण डेव्हिससारखीच. फरक इतकाच, की डेव्हिसला 2037 पर्यंत हप्ते आहेत.

हे तरी सगळे नावाजलेले, कमावलेले खेळाडू. आपल्या विदर्भातला रणजी खेळणारा मुलगा पाहा. त्याला मंडळाचा केंद्रीय करार नसतो. 2021 साली ठरलेल्या दरांनुसार वीसपर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला 40,000 रुपये, चाळिसाहून जास्त सामने खेळलेल्याला 60,000. अकरात असला तरच पूर्ण, राखीव असला तर निम्मे. खांदा निखळून घरी बसला तर सामन्याचं मानधन नाही. कोरोनामुळे 2020-21 चा रणजी हंगामच रद्द झाला, तेव्हा निम्म्या मानधनाची भरपाई जाहीर व्हायला सप्टेंबर 2021 उजाडला. 'खेळला तं पैसा' म्हणणाऱ्यांनी त्या वर्षी घरी बसलेल्या एखाद्या रणजीपटूला विचारायला हवं होतं, आपलं कसं बरं आहे ते.

विदर्भाच्याच संघात याची दुसरी बाजूही दिसली. मुंबईचा वसीम जाफर 2015 मध्ये पाहुणा व्यावसायिक खेळाडू म्हणून आपल्याकडे आला, तेव्हा 37 वर्षांचा होता. पुढचा हंगाम दुखापतीत गेला, तरी विदर्भाने त्याचे पैसे दिले. त्याच्या पुढच्या हंगामात तो मानधन न घेता खेळला, असं त्यानेच नंतर मुलाखतीत सांगितलं. त्याच हंगामात, 1 जानेवारी 2018 रोजी, इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिली रणजी जिंकली. मार्चमध्ये नागपूरला इराणी करंडकात चाळीस वर्षांच्या जाफरने 286 धावा केल्या. 2018-19 च्या हंगामात 1,037 धावा आणि विदर्भाची लागोपाठ दुसरी रणजी. जायबंदी, उतारवयाच्या खेळाडूचा एक हंगाम संघटनेने सोसला, म्हणून पुढचे दोन हंगाम उभे राहिले. नवीन पोरं ड्रेसिंग रूममध्ये त्याच्याकडून काय शिकली, ते वेगळंच.

पंधरा वर्षांचे करार आपल्याकडे आणा, असं मी म्हणत नाही. दुखापतीच्या वर्षाची हमी आणि दोन-तीन वर्षांची तरी खात्री, एवढं मागणं अवाजवी नाही. इंग्लंडच्या मंडळाने 2023 पासून काही खेळाडूंना एकापेक्षा जास्त वर्षांचे केंद्रीय करार दिलेच आहेत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

शोहेई ओतानीला वर्षाला 7 कोटी डॉलर मिळतात: नाही. दहा वर्षांच्या 70 कोटींपैकी 68 कोटी 2034 ते 2043 या काळात, बिनव्याजी मिळणार आहेत. करार चालू असताना वर्षाला 20 लाख.

बॉबी बोनियाला न खेळता पगार मिळतो: तो पगार नव्हेच. मेट्सकडे राहिलेले 59 लाख डॉलर त्याने 8 टक्के व्याजाने मागे ठेवले. त्याचे सुमारे 11.9 लाखांचे हप्ते दर 1 जुलैला, 2011 पासून 2035 पर्यंत.

अमेरिकेत सगळ्याच खेळांत पैसे पक्के असतात: अमेरिकन फुटबॉलमध्ये बहुतेक करारांचा मोठा भाग हमीचा नसतो, खेळाडूला कापलं की तो भाग गेला.

पस्तिशीनंतर खेळाडू संपलाच: जाफर वर आलाच आहे. आणि ज्याच्या नावाने बोटं मोडतात तो पुहोल्स 2022 मध्ये, 42 व्या वर्षी, एका वर्षाच्या 25 लाख डॉलरांच्या करारावर सेंट लुईसला परतला, 24 होम रन मारले आणि 703 वर थांबला.