गाडी तापली, आधी काय बघायचं?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाची पिकअप पापडाची खोकी घेऊन घाट चढताना तापली. काटा लाल पट्टीला टेकला. गाडी बाजूला घेऊन बंद केली, तोच एका मावशींनी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. गाडी चालवणारी ताई ओरडली म्हणून बरं.

वाफ कोंडलेली असताना कुकर आपण उघडतो का? रेडिएटर तसाच. झाकणाची स्प्रिंग दाब धरून ठेवते, म्हणून आतलं पाणी 100 अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते पाणी उसळून तोंडावर येतं. अर्धा तास तरी थांबायचं. पूर्ण निवल्यावर जाड फडकं धरून झाकण हळूहळू सैल करायचं. तापल्या इंजिनात गार पाणीही ओतायचं नाही, बिडाचा तवा कसा तडकतो ठाऊक आहे ना!

गॅरेजवाल्यानं सरळ सांगितलं, रेडिएटर बदला. पैसे गटाचे, म्हणून आम्ही आधी विचार केला: गाडी तापते कधी? गर्दीत उभी असताना तापली आणि पळायला लागल्यावर काटा खाली आला, तर संशय पंख्यावर. चढाला, माल भरलेला असताना तापली, तर पाणी कमी किंवा रेडिएटर चोंदलेला. वरचा रबरी पाईप कढत आणि खालचा गारच राहिला, तर पाणी फिरत नाही, थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. आणि पाणी रोज कमी होतंय, खाली थेंब नाही, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतोय, ऑइल दुधाळ झालंय? मग हेड गॅस्केट गेलं असणार. अशी गाडी चालवायचीच नाही, टोचन लावूनच न्यायची.

आमची चढालाच तापायची. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरला. सकाळी त्यावर हिरवट डाग, बरोबर वरच्या पाईपाखाली. क्लिपजवळ बारीक चीर होती. पाईप आणि क्लिप, एवढ्यावर भागलं.

चूक आमचीही होती. पाणी कमी झालं की आम्ही बोअरचं ओतायचो. पाणी तापवायच्या हंड्यात क्षारांचा थर धरतो, तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही धरतो. आता गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घालतो. कूलंट गोडसर असतं, पण विषारी. सांडलं तर लगेच पुसा, आणि डबा पोराबाळांच्या, कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागणार नाही असा वर ठेवा.