बांधाशेजारी स्मृतिभ्रंशाचे घर : कोणती भीती खरी, कोणती पोकळ?

पाणंदीच्या कडेच्या जमिनीवर स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी निवासगृह बांधण्याचा प्रस्ताव ग्रामपंचायतीकडे आल्यापासून आपल्या धर्मग्रामात दुसरा विषय नाही. लगतच्या शेतकऱ्यांनी हरकतीचा कागद तयार केला आहे. काही जण आमच्याकडेही आले. "फादर, हे वेड्यांचे घर आमच्याच बांधाला कशाला?" असा त्यांचा प्रश्न होता. हरकत घेणे हा शेजाऱ्याचा हक्क आहे. पण सही करण्यापूर्वी आजार काय आहे आणि धोका कोठे आहे, हे जाणून घ्यावे, म्हणून हे चार शब्द.

आजार कोणता?

"साठी बुद्धी नाठी" म्हणून आपण ज्याला म्हातारचळ म्हणतो, तो पुष्कळदा मेंदूचा आजार असतो. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली त्याच्या एका प्रकाराची माहिती प्रथम मांडली आणि त्या प्रकाराला त्यांचेच नाव पडले. मेंदूतील रक्तपुरवठा बिघडल्यानेही स्मृतिभ्रंश होतो. रोगी कालचे विसरतो, जेवलो की नाही हे विसरतो, पुढे घरची माणसेही ओळखत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे शंभरात सातांहून अधिक वृद्धांना, हा आजार आहे. तेव्हा हे संकट बाहेरून येणार नाही, ते आपल्या ओसरीवर आधीच बसलेले आहे.

पोकळ भीती

हा आजार लागट नाही. हवेतून, पाण्यातून वा स्पर्शातून तो पसरत नाही. रोगी कधी संतापतो, तिन्हीसांजेला अधिक अस्वस्थ होतो, "मला घरी जायचे आहे" म्हणून हाका मारतो. पण त्यामागे बहुधा भय, दुखणे किंवा गोंधळ असतो. दरोड्याचा बेत नसतो. वाट चुकलेल्या अशा वृद्धापासून शेजाऱ्याला जेवढा धोका, त्याहून कितीतरी अधिक धोका त्याला स्वतःलाच असतो.

खरी काळजी

शेतकऱ्यांच्या काही शंका मात्र अगदी रास्त आहेत. त्या हसण्यावारी नेणे योग्य नव्हे.

पहिली शंका विहिरींची. आपल्या शिवारात कठडा नसलेल्या विहिरी अजून आहेत. घर शोधत निघालेला वृद्ध अंधारात तेथे पोहोचला तर? म्हणून निवासगृहाला भक्कम कुंपण, दारावर रात्रंदिवस माणूस आणि आत फिरण्यासाठी मोकळे अंगण हवे. कोंडून ठेवलेला रोगी अधिक बिथरतो. चालायला जागा मिळाली की शांत होतो. आपणही आपल्या विहिरींना कठडे बांधावेत. ते आपल्या लेकरांच्याही हिताचे आहे.

दुसरी सांडपाण्याची. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांचे कपडे रोज धुवावे लागतात, पाणी पुष्कळ लागते. ते पाणी कोठे जाणार आणि शोषखड्डा आपल्या विहिरीपासून किती दूर असणार, याचा नकाशा ग्रामसभेपुढे मागावा. वापरलेले लंगोट व दवाखान्याचा कचरा ओढ्यात जाता कामा नये.

तिसरी वाटेची. ऊसतोडीच्या दिवसांत पाणंद ट्रॅक्टरांनी भरलेली असते. रुग्णवाहिका अडली तर जीव जाईल, आणि ट्रॅक्टर अडला तर कारखान्याची पाळी चुकेल. वाट रुंद कोण करणार, हे आधी ठरावे.

चौथी शेतीच्या कामांची. "उद्या फवारणी बंद करा, पाचट जाळू नका म्हणतील," ही शंका आम्ही अनेकांकडून ऐकली. फवारणीचा दिवस आदल्या दिवशी कळवावा, वारा त्या बाजूला असता फवारू नये, असा साधा करार होऊ शकतो. पाचट न जाळता सरीत कुजवले तर जमिनीचेच भले होते.

या चारही गोष्टी हरकतीच्या कागदावर नको म्हणून नव्हे, तर अटी म्हणून लिहाव्यात, असे आम्हांस वाटते. अट पाळली जाते, किंवा मोडली तर जाब विचारता येतो. नुसत्या नकाराने फक्त मने दुरावतात.

घरी का नाही?

"मुलांनी आईबापांना घरीच सांभाळावे, ही चौथी आज्ञाच आहे," असे कोणी म्हणतील. खरे आहे, आणि होईल तोवर घरच उत्तम. गोव्यात ८१ कुटुंबांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते अशा घरी जाऊन काळजी कशी घ्यावी ते समजावत. त्यामुळे सांभाळणाऱ्यांच्या मनाचा भार हलका झाला. पण जिथे एकटी सून रात्र रात्र जागते आणि सकाळी भांगलणीला जाते, किंवा मुलगा परमुलखात आणि म्हातारी एकटीच, तिथे आज्ञा पाळण्यासाठीच मदतीची गरज असते.

बेल्जियममधील खेल गावाची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. संत डिम्फ्नाच्या देवळात मनोरुग्णांना घेऊन यात्रेकरू येत. जागा पुरेना, तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. ही रीत शतकानुशतके चालली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण त्या घरांत राहत आणि झेपेल तशी शेतकामात मदत करीत. त्याने गाव बुडाले नाही. उलट, त्याच कारणाने ते जगाला ठाऊक झाले.

आपल्या घरी

घरात कोणी फार विसरू लागले तर वय झाले म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइडचा विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव असेल तर उपचाराने सुधारणा होऊ शकते. डॉक्टरांकडून तपासणी करावी. रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवावी, तंबाखू व दारू सोडावी, कमी ऐकू येत असल्यास यंत्र लावावे. कीटकनाशके कुलपात ठेवावीत. ती पाण्याच्या बाटलीत तर कधीच ओतू नयेत. मोटारीच्या स्टार्टरची पेटी बंद असावी. वृद्धाच्या खिशात नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्यावी.

ग्रामसभेला सर्वांनी जावे, अटी मोकळेपणाने मांडाव्यात. मात्र "वेडे" हा शब्द तेथे कोणी उच्चारू नये, ही आमची विनंती. त्या सभेत ज्यांची आई घरी कडीबंद खोलीत बसलेली आहे, अशीही माणसे असतील.