गोळीतला खडू, पानातला चुना

औषधाच्या दुकानातली कॅल्शियमची साधी, स्वस्त गोळी म्हणजे बहुधा कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडीत, संगमरवरात, शिंपल्यात, अंड्याच्या टरफलात असतं तेच. हे कळल्यावर काहींना फसवल्यासारखं वाटतं: पैसे मोजून खडू खायचा? (शाळेतला खडू खरं तर बऱ्याचदा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो.) पण शुद्ध केलेलं कार्बोनेट खाण्यात घालणं ही भेसळ नव्हे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धापासून गव्हाच्या पांढऱ्या पिठात ते मिसळलं जातं, तेही कायद्याने. पोटातल्या आम्लात ते विरघळतं आणि कॅल्शियम मोकळं होतं. म्हणून ही गोळी उपाशीपोटी न घेता जेवणाबरोबर घ्यायची. पित्तासाठी रोज आम्ल दाबणारी गोळी घेणाऱ्यांना डॉक्टर अनेकदा कॅल्शियम सायट्रेट सुचवतात, कारण त्याचं आम्लावाचून अडत नाही.

दुसरं टोक चुन्याचं. ‘गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यातून घ्या, हाडं मजबूत होतील’ हा संदेश मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. पानाला लावतात तो चुना मुळात कार्बोनेट नव्हेच. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो आणि तो पाण्यात विरवला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हा जळजळीत अल्कली. पानात जास्त झाला की तोंड भाजतं ते त्यामुळे, आणि खेळता खेळता चुन्याची पुडी डोळ्यांत फुटल्याने मुलांची दृष्टी गेल्याच्या नोंदी भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी केलेल्या आहेत. तंबाखूत तो मळतात, कारण त्याने निकोटिन झटपट रक्तात उतरतं.

चुन्यात कॅल्शियम आहेच. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि तिथल्या टॉर्टियांमधलं कॅल्शियम त्यामुळे वाढतं. पण दाणे मग धुऊन घेतात. आणि गव्हाच्या दाण्याएवढ्या ओल्या चुन्याचा हिशेब मांडला, तर हाती लागतं जेमतेम दहा-वीस मिलिग्रॅम कॅल्शियम. प्रौढ माणसाची रोजची गरज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये १००० मिलिग्रॅम धरली आहे. चुन्यातलं ते दहा-वीस मिलिग्रॅम कॅल्शियम तीन-चार चमचे दुधातही मिळतं, तोंड न भाजता.

आकड्यांची गफलत गोळीच्या वेष्टनावरही होते. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, कारण या क्षारात कॅल्शियमचा वाटा ४० टक्के. सायट्रेटमध्ये तो साधारण २१ टक्के, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम ९. तुलना करायची ती शुद्ध कॅल्शियमच्या आकड्याची. शिवाय एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं, की शरीर त्यातला कमी कमी वाटा शोषून घेतं. दोन गोळ्या एकदम गिळून ‘आजचा कोटा संपला’ म्हणण्यात अर्थ नाही.

सगळ्यांत चिवट समज मुतखड्याचा. खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध-दही बंद! बरेच खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, हे खरं. पण अन्नातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. कॅल्शियम तोडलं की मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तातून मूत्रपिंडाकडे जातं. इटलीतल्या पार्मा इथे वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास झाला आणि २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कमी कॅल्शियम खाणाऱ्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांस कमी, असा आहार घेणाऱ्या ६० जणांत १२ जणांना. श्रेय एकट्या कॅल्शियमला देता येणार नाही, पण दूध तोडण्याचा सल्ला मात्र यातून उघडा पडला.

गोळीचं तसं नाही. अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या ३६ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत कार्बोनेट आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये खड्यांचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. अन्न आणि गोळी यांना एकच नियम लावून चालत नाही.

‘प्रवाळाचं’ किंवा ‘शिंपल्यांचं’ कॅल्शियम नैसर्गिक म्हणून श्रेष्ठ, असंही सांगितलं जातं. तेही कार्बोनेटच. ‘कोरल कॅल्शियम’ने कर्करोग बरा होतो, असे दावे करणाऱ्या विक्रेत्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्ये खटला भरला होता.

गरोदरपणात या गोळ्यांनी बाळ फार मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, या भीतीने काही घरांत त्या डब्यातच राहतात. गोळीचं मोठं काम तिथे आईचा रक्तदाब सांभाळण्याचं असतं. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या स्त्रियांना ते पुरवलं, तर गरोदरपणातला धोकादायक उच्च रक्तदाब टळण्याची शक्यता वाढते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या द्यायच्या, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. फक्त लोहाची लाल गोळी तिच्यासोबत घ्यायची नाही, कारण कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. दोन्हींत निदान दोन तास जावेत. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर चार.